अमेरिकेतल्या नव्या घराचं हीटिंग: थर्मोस्टॅट आणि झोन ओळखायची रीत

न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या उपनगरात पहिलं घर घेतलं की पहिल्या थंडीत एक चूक हमखास होते. घर गार पडलेलं असतं, म्हणून थर्मोस्टॅटचा, म्हणजे भिंतीवरच्या तापमान ठरवणाऱ्या डबीचा, आकडा एकदम ८० अंश फॅरनहाइटवर नेला जातो. हिशोब पंख्याच्या रेग्युलेटरचा असतो: आकडा वाढवला की जोर वाढेल. तसं होत नाही. त्यापेक्षा इस्त्री आठवा. इस्त्रीची चकती 'कॉटन'वर नेली म्हणून कॉइल जास्त जोरात तापत नाही. दिवा कधी विझायचा, एवढंच ती चकती ठरवते. साध्या फर्नेसचंही, म्हणजे घरातली हवा तापवणाऱ्या यंत्राचंही, तसंच आहे. ६८ लावा नाहीतर ८० लावा, घर ६८ पर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच की ८० लावून झोपलात तर मध्यरात्री घामाघूम होऊन उठाल आणि गॅसचं बिल वेगळं येईल.

दुसरी गोष्ट अशी की थर्मोस्टॅटला फक्त स्वतःच्या जागेचं तापमान कळतं. तो हॉलच्या भिंतीवर असेल तर कोपऱ्यातल्या बेडरूममध्ये दात वाजत असले तरी त्याच्या दृष्टीने घर उबदारच असतं. म्हणूनच कोणता थर्मोस्टॅट कोणत्या खोल्यांचा, हे आधी शोधायचं. एका थर्मोस्टॅटच्या ताब्यातल्या खोल्या म्हणजे एक झोन. बटणं नंतर.

आधी यंत्र ओळखा

बेसमेंटमध्ये, अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) किंवा एखाद्या कपाटात उभा पत्र्याचा मोठा खोका असेल, त्यातून हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट निघत असतील आणि खोल्यांच्या जमिनीत किंवा छतात जाळीचे व्हेंट असतील, तर ती फर्नेस. ती गरम हवा फेकते. डक्टऐवजी तांब्याचे पाइप दिसले आणि खोल्यांमध्ये भिंतीलगत पत्र्याची लांब, बुटकी पट्टी किंवा बिडाचे रेडिएटर असले, तर तो बॉयलर. तो गरम पाणी फिरवतो, जुन्या घरांत वाफही. बाहेरचं एसीचं युनिट थंडीतही फिरत असेल आणि थर्मोस्टॅटवर 'ऑक्स हीट' किंवा 'इमर्जन्सी हीट' असे शब्द असतील, तर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र.

चौथा प्रकार म्हणजे विजेचे बेसबोर्ड, भिंतीलगतच्या तशाच लांब पट्ट्या, पण विजेने तापणाऱ्या. प्रत्येक खोलीत स्वतंत्र चकती असते आणि तिच्यामागे जाड तारा. त्या सहसा २४० व्होल्टच्या असतात. बाजारात मिळणारे बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टचे असल्यामुळे ते इथे अजिबात लावायचे नाहीत. जळतील, आगही लागू शकते.

याच फेरीत एक स्विच शोधून ठेवा. ईशान्येकडच्या अनेक घरांत बेसमेंटच्या जिन्यावर, वरच्या दाराजवळ लाल पट्टीचा स्विच असतो. तो फर्नेस किंवा बॉयलरची वीज तोडतो. तो दिव्याचा समजून पाहुणे, मुलं किंवा सामान उतरवणारे लोक बंद करून जातात आणि दोन तासांनी घर गार पडतं. त्यावर आजच चिकटपट्टी लावून 'हात लावू नका' असं लिहा. सेवेसाठी माणूस बोलावून त्याला हा स्विच चालू करायला पैसे देणारी घरं कमी नाहीत.

झोन कसे पाडलेले असतात

दोन थर्मोस्टॅट म्हणजे दोन झोन, हे खरं. पण ते दोन झोन आतून कसे बनलेत यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सगळ्यात सोपी रचना म्हणजे दोन वेगळ्या फर्नेस, बेसमेंटमधली खालच्या मजल्यासाठी आणि अ‍ॅटिकमधली वरच्यासाठी. या दोन्ही एकमेकींना ओळखतही नाहीत. एक बिघडली तरी दुसरी चालते.

दुसऱ्या रचनेत फर्नेस एकच असते, पण डक्टच्या फांद्यांवर मोटरवर फिरणाऱ्या झडपा असतात. त्यांना डॅम्पर म्हणतात. फर्नेसजवळ भिंतीवर बारीक दिवे लुकलुकणारी एक पेटी असते. ते झोन पॅनेल. सगळे थर्मोस्टॅट फर्नेसशी न बोलता या पेटीशी बोलतात. पेटी मग योग्य डॅम्पर उघडते आणि फर्नेस सुरू करते. या रचनेत यंत्र एकच असल्यामुळे एकाच वेळी वर थंड आणि खाली गरम हवा मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये खालचा थर्मोस्टॅट 'हीट'वर आणि वरचा 'कूल'वर राहिला की पॅनेल एकाला थांबवून ठेवतं. मग 'वरचा एसी बिघडला' अशी तक्रार होते, पण बिघडलेलं काहीच नसतं. दोन्ही थर्मोस्टॅट एकाच मोडवर आणा.

बॉयलरच्या घरात झोन पाइपवर असतात. एकतर प्रत्येक फांदीवर छोटी पितळी झडप आणि तिच्यावर डबी, म्हणजे झोन व्हॉल्व्ह. नाहीतर प्रत्येक झोनला स्वतःचा पंप. अनेक झोन व्हॉल्व्हवर हाताने उघडायचा खटका असतो. व्हॉल्व्हची मोटर गेली तर तो सरकवून रात्र निभावता येते.

घराचा नकाशा करा

याला तासभर लागतो. बाहेर गारठा असलेली संध्याकाळ निवडा. कागद, पेन आणि टिश्यू पेपरचा तुकडा घ्या.

१. सगळे थर्मोस्टॅट 'हीट'वर ठेवून ५५ पर्यंत खाली आणा आणि यंत्र पूर्ण थांबेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा. फॅन 'ऑटो'वर आहे ना, तेही बघा.

२. एकच थर्मोस्टॅट खोलीच्या चालू तापमानापेक्षा पाच अंशांनी वर न्या.

३. फर्नेसजवळ उभे राहून कान द्या. आधी एक छोटा पंखा घुर्रकन सुरू होतो, तो धूर बाहेर ढकलणारा. मग ज्योत पेटवणारी कांडी लालभडक होते, टक् असा आवाज होऊन गॅस सुटतो आणि ज्योत लागते. मोठा ब्लोअर त्यानंतर साधारण अर्ध्या ते एका मिनिटाने सुरू होतो, कारण आधी हवा तापावी लागते. हा क्रम डोक्यात बसवा. यंत्र कधी अडलं तर ते कुठल्या पायरीवर अडलं, हे तंत्रज्ञाला फोनवर सांगता येईल.

४. आता घरभर फिरा. प्रत्येक व्हेंटसमोर टिश्यू धरा, तो हलतो का बघा आणि हाताला हवा गरम लागते का तेही. न्हाणीघर, कपाटं, गॅरेजवरची खोली, काही सोडू नका. बॉयलर असेल तर पट्टीतला पाइप तापायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि हात जपून लावा, त्यातलं पाणी १८० अंश फॅरनहाइटपर्यंत असू शकतं.

५. कुठे किती जोर आहे ते लिहा, हा थर्मोस्टॅट परत ५५ वर आणा, पाच मिनिटं थांबा आणि पुढचा घ्या.

नकाशा पूर्ण झाला की काही धक्के बसतात. वरच्या मजल्यावरची एखादी खोली खालच्या झोनला जोडलेली निघते. बहुतेक वेळा ती गॅरेजवरची असते आणि घरातली सगळ्यात गार खोलीही तीच, कारण तिच्याखाली न तापवलेली जागा असते. बंद झोनमधून थोडी गरम हवा झिरपणं नेहमीचं आहे. पण दोन्ही झोनमध्ये सारख्याच जोराने हवा येत असेल तर डॅम्पर अडकलेला आहे किंवा त्याची मोटर गेलेली आहे. आणि वरचा थर्मोस्टॅट वाढवल्यावर खालचा मजला तापला तर पॅनेलवर तारांची अदलाबदल झालेली आहे. आधीच्या मालकाने नूतनीकरण केलेल्या घरात हे सापडतं. काम छोटं आहे, पण नकाशा केला नाही तर वर्षानुवर्षं कळत नाही.

डक्टवर बेसमेंटमध्ये हाताने फिरवायचे लहान खटकेही असतात. खटका डक्टला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. एक खोली गार आणि शेजारची भाजते, अशा वेळी भाजणाऱ्या खोलीचा खटका थोडासाच मिटवा आणि एक दिवस जाऊ द्या. एकदम सगळे फिरवलेत तर काय केल्याने काय झालं, हे कळणार नाही. फिरवण्याआधी जुनी जागा पेनाने खुणावून ठेवा.

आकडे किती ठेवायचे

फॅरनहाइटची सवय व्हायला एक थंडी जाते. तोवर चार आकडे पुरेत: ७२ म्हणजे साधारण २२ सेल्सिअस, ६८ म्हणजे २०, ६२ म्हणजे साडेसोळा, ५५ म्हणजे १३.

घरात जागे असताना ६८ आणि झोपताना किंवा बाहेर असताना कमी, ही अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचीही शिफारस आहे. रोज आठ तास ७ ते १० अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं तो विभाग सांगतो. 'पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, म्हणून कमी करू नये' हे फर्नेसच्या बाबतीत खरं नाही. हीट पंपाच्या बाबतीत मात्र त्यात तथ्य आहे. एकदम आठ अंश चढवायला सांगितलं की हीट पंप विजेच्या पट्ट्या, म्हणजे 'ऑक्स हीट', चालू करतो आणि वीज खातो. हीट पंप असेल तर एक-दोन अंशांपेक्षा जास्त खालीवर करू नका. 'इमर्जन्सी हीट' तर बाहेरचं युनिट बिघडल्याशिवाय लावूच नका. थंडी फार आहे म्हणून लावायचं ते बटण नव्हे.

दुमजली घरात दिवसा वरचा झोन आणि रात्री खालचा झोन कमी ठेवा. पण दोघांत चार-पाच अंशांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. जिना उघडा असतो. खालची ऊब वर चढते आणि वरची गार हवा पायऱ्यांवरून खाली उतरते, त्यामुळे खालची फर्नेस दोन्ही मजल्यांचं काम करत बसते. भारतातून आईबाबा आलेले असतील किंवा घरात तान्हं बाळ असेल तर त्यांच्या झोनला ७०-७२ ठेवा. तिथे बचत बघू नका.

वेळापत्रकात चार टप्पे असतात: उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं. इथे फसवतो तो 'होल्ड' हा शब्द. बाणाचं बटण दाबून आकडा बदललात तर बहुतेक थर्मोस्टॅट पुढच्या टप्प्यापर्यंतच तो आकडा पाळतात. 'पर्मनंट होल्ड' दाबलात तर मात्र तुमचं वेळापत्रक कायमचं बाजूला पडतं, आणि महिन्याभराने बिल आल्यावर ते लक्षात येतं. परत यायला 'रन शेड्यूल' किंवा 'रिझ्यूम' दाबा. काही थर्मोस्टॅट सकाळी सहाला ६८ हवं म्हणून साडेपाचलाच यंत्र सुरू करतात. तो बिघाड नाही, तेच त्यांचं काम.

फॅन थंडीत 'ऑटो'वरच ठेवा. 'ऑन'वर ज्योत बंद असतानाही हवा फिरते आणि ती कोमट हवा अंगाला गारच लागते.

घर मांडताना

थर्मोस्टॅटखाली देवघर मांडू नका. समई आणि निरांजनाची ऊब सरळ वर जाते, थर्मोस्टॅटला घर तापल्यासारखं वाटतं आणि बाकीच्या खोल्या गारठतात. टीव्ही, दिवा, खिडकीतून पडणारं ऊन, स्वयंपाकघराची भिंत, सगळ्यांचा परिणाम तोच. उलटा प्रकारही असतो. तारांसाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून गार हवा येते आणि थर्मोस्टॅट विनाकारण फर्नेस चालवत राहतो. थर्मोस्टॅट काढून भोक पुटीने बुजवलं की प्रश्न मिटतो.

भिंतीवर किंवा जमिनीत एक-दोन मोठ्या जाळ्या असतात, ज्यांतून हवा बाहेर येण्याऐवजी आत ओढली जाते. त्या रिटर्न. त्यांच्यासमोर सोफा, चपलांचं कपाट किंवा भारतातून आणलेल्या बॅगांची चळत नको. फर्नेसला परत हवाच मिळाली नाही तर ती आतून जास्त तापते, संरक्षक स्विच ज्योत बंद करतो, थंड झाली की पुन्हा पेटवतो, आणि हे चक्र चालत राहतं.

न वापरत्या खोल्यांचे व्हेंट बंद करून गॅस वाचवायची कल्पना याच कारणाने अंगाशी येते. एखादं अर्धवट मिटवलं तर चालतं. चार-पाच बंद केलेत तर डक्टमधला दाब वाढतो आणि हवा कमी वाहते. खोली गार ठेवायची तर तो झोन कमी करा. बेसबोर्डच्या पट्टीवर ओले कपडे वाळत घालू नका, आणि पलंग किंवा पडदा तिला चिकटवू नका. खालून हवा आत जाऊन वरून बाहेर पडली पाहिजे.

फिल्टर

हीटिंगच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. फिल्टर फर्नेसच्या शेजारी खाचेत किंवा रिटर्नच्या जाळीमागे असतो. दोन झोनच्या घरात दोन फर्नेस असतील तर फिल्टरही दोन, आणि अ‍ॅटिकमधला हमखास विसरला जातो. माप कडेवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १६ बाय २५ बाय १ इंच. तेच आणा. कडेचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. एक इंची फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी, चार इंची सहा ते बारा महिन्यांनी बदला. मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) ८ ते ११ पुरेसा आहे. दुकानातला सगळ्यात महाग, सगळ्यात दाट एक इंची फिल्टर घेऊ नका. जुन्या फर्नेसचा श्वास त्याने कोंडतो. फोडण्या, अगरबत्ती आणि कार्पेट असलेल्या घरात महिन्याने उघडून बघाच.

गरम हवा येत नसेल तर

या क्रमाने तपासा. थर्मोस्टॅटचा पडदा कोरा आहे का? बॅटऱ्या बदला. दरवर्षी दिवाळीत बदलल्या तर लक्षात राहतं, थंडीही तेव्हाच सुरू होते. मोड 'हीट' आणि आकडा खोलीपेक्षा वर आहे ना? लाल पट्टीचा स्विच आणि ब्रेकर चालू आहेत ना? फर्नेसचं दार नीट बसलंय का? दारामागे एक सुरक्षा स्विच असतो, दार सैल असेल तर यंत्र मुळीच सुरू होत नाही. फिल्टर बघा. मग बाहेर जा. घराच्या बाजूच्या भिंतीतून पांढरे प्लास्टिकचे पाइप निघत असतील तर तुमची फर्नेस उच्च कार्यक्षमतेची आहे, आणि ते पाइप हिमवादळात बुजले की ती बंद पडते. हाताने बर्फ बाजूला करा. तिचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तरी तेच होतं.

एवढं करूनही नाही झालं तर फर्नेसच्या बारीक काचेतून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. अर्थ दाराच्या आतल्या तक्त्यावर छापलेला असतो. ज्योत लागून काही सेकंदांत विझत असेल तर बहुधा ज्योत ओळखणारी कांडी मळली आहे. ती साफ करणं तंत्रज्ञाचं दहा मिनिटांचं काम. बॉयलर असेल तर दाबाचा काटा बघा. दुमजली घरात थंड असताना साधारण १२ पीएसआय (दाबाचं अमेरिकी माप) असतो, ३० ला सुरक्षा झडप सुटते. एकच झोन गार असेल आणि पाइपांत गुळगुळ आवाज असेल तर आत हवा अडकली आहे.

गॅसचा वास आला तर यातलं काहीही करू नका. दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला किंवा गॅस कंपनीला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचे अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ हवेतच.

नवा थर्मोस्टॅट बसवताना

जुन्याचं झाकण काढा आणि तारांचा फोटो घ्या. रंगांवर विश्वास ठेवू नका, तार कोणत्या अक्षराला जोडली आहे ते बघा. 'आर' म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा, 'डब्ल्यू' हीटिंग, 'वाय' कूलिंग, 'जी' पंखा, 'सी' परतीची तार. 'ओ' किंवा 'बी' असेल तर बहुधा हीट पंप आहे. स्मार्ट थर्मोस्टॅटला सहसा 'सी' लागते. ती नसेल तर भिंतीत गुंडाळून ठेवलेली एखादी रिकामी तार आहे का बघा. झोन पॅनेल असलेल्या घरात तिचं दुसरं टोक फर्नेसला न जोडता पॅनेलला जोडायचं असतं. इथे बरेच जण चुकतात. वीज बंद न करता काम केलं आणि 'आर' 'सी'ला टेकली तर फर्नेसच्या बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो. तो गाडीतल्या फ्यूजसारखाच असतो, पण तो उडालाय हे कळेपर्यंत नवा थर्मोस्टॅट दुकानात परत गेलेला असतो.

डिसेंबरात भारतात जाताना

हीटिंग बंद करून जाऊ नका. पाइप गोठून फुटले तर मजले भिजतात, आणि घर पुरेसं उबदार ठेवलं नव्हतं म्हणून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. सगळे झोन ५५ ते ६० वर 'पर्मनंट होल्ड' करा. वरचा मजला रिकामा आहे म्हणून तो झोन 'ऑफ' करायचा नाही, न्हाणीघराचे पाइप तिथेच असतात. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. घराला येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि एक नळ उघडून दाब सोडा. घरात बॉयलर किंवा आगीसाठी स्प्रिंकलर असतील तर पाणी बंद करण्याआधी तंत्रज्ञाला विचारा. नवा फिल्टर, नव्या बॅटऱ्या. किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना आठवड्यातून एकदा येऊन दोन्ही थर्मोस्टॅटचे आकडे बघायला सांगा.

परत आल्यावर आधी सिंकखाली आणि बेसमेंटमध्ये ओल आहे का ते बघा, मग मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. फर्नेस असेल तर थेट ६८ लावून झोपा. हीट पंप असेल तर दोन-दोन अंशांनी चढवा, तोवर स्वेटर घाला.